कांजण्यांची ओटी

पुतणीच्या अंगावर कांजण्या उठल्या आणि आमच्या मुखेडच्या घरात फोडणी बंद झाली. "आई आल्यात," म्हणत सासूबाई, पार्वतीबाई, त्या सात वर्षांच्या पोरीच्या पाया पडायला लागल्या. पोर तापानं फणफणली होती, खाजवून खाजवून रडत होती. पण दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. ती पायापडी बघूनच मला शिसारी यायची.

मला नववा लागलेला. सासूबाई म्हणाल्या, "अंबिका, आईच्या हातानं ओटी भरून घे."

"मला लहानपणी कांजण्या आल्या नाहीत. मला लागतील, पोटातल्याला लागतील."

"लागतील काय? आई काय रोग हाय का? तुझ्याकडं कधी आल्या न्हाईत, म्हनूनच पाया पड."

मी नवऱ्याकडं पाहिलं. सोमेश शाळेत विज्ञान शिकवतो. "पड की एकदा, काय बिघडून राहिलंय?" एवढं बोलून त्यानं मोबाईलात डोकं घातलं.

सासूबाईंनी मला खांदा दाबून बसवलं. फोड फुटलेल्या चिकट हातांनी पोरीनं माझ्या पदरात तांदूळ टाकले, कपाळाला कुंकू लावलं. तिचा काय दोष! मला किळस आली ती भोवती हात जोडून उभ्या राहिलेल्या शहाण्यांची. दवाखान्यात विचारून येते म्हटलं, तर "कोप होईल" म्हणून अडवलं. सोमेशनं गाडी काढलीच नाही.

दोन आठवड्यांनी माझ्या अंगावर फोड उठले आणि दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई सोमेशवर भडकल्या. "तेव्हाच का नाही आणलंत? इंजेक्शन देता आलं असतं. आता आईच्या अंगात तयार होणारी रोगाशी लढायची ताकद बाळापर्यंत पोचायला वेळच उरला नाही."

मुलगी झाली. तिला लगेच इंजेक्शन दिलं, तरी आठवड्याच्या आत तिच्या इवल्याशा अंगावर फोड आले, छाती भरली. आम्ही बाहेरून खिडकीच्या काचेतून बघायचो. ती श्वासासाठी धडपडत होती. जगेल ना, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता काहीच सांगता येत नाही."

सासूबाई काचेपाशी गेल्या. मला वाटलं, आता तरी रडतील. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं.

"आई, नातीच्या रूपानं आलात!"

मी सोमेशकडं पाहिलं. त्यानं चप्पल काढली आणि लेकीसमोर हात जोडले.