बुकिंग विचारायची लाज

आमच्या शाळेत हॉटेलचं शिक्षण मी देते. पलंगावर चादर कशी ताणायची, ट्रे कसा धरायचा, गिऱ्हाईक अंगावर आलं तरी आपलं तोंड कसं मिटून ठेवायचं, हे सगळं. शेवटचं मला स्वतःला जन्मात जमलेलं नाही, पण शिकवते.

यंदाच्या वर्गात मेरेओनी होती. चुणचुणीत पोर, हसली की अख्खा वर्ग हसायचा. पण एक खोट होती. दारात उभं राहून आलेल्या माणसाला "बुकिंग आहे का?" असं विचारायला तिची जीभच रेटत नसे.

"मॅडम, जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला असं कसं विचारू? आईनं ऐकलं तर थोबाड फोडेल माझं."

"अगं बये, हॉटेल आहे ते! तुझ्या आईचं स्वयंपाकघर नव्हे!"

"हो मॅडम," म्हणायची, आणि पुढच्याला पुन्हा तोंडभरून, "या, जेवायला या!"

आता आमच्या फिजीत असं सगळेच म्हणतात. आपण जेवायला बसलोय आणि दारावरून कुणी चाललंय, तर हाक मारायचीच. जाणाऱ्यानंही हात हलवून "झालंय, झालंय" म्हणायचं आणि चालू लागायचं. उपाशी असला तरी. हाक ऐकून कुणी खरंच येऊन बसलंय, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

वर्ष संपताना मुलं शाळेतच पाहुण्यांना दुपारचं जेवण वाढतात. यंदा खाडीवरच्या रिसॉर्टच्या मॅनेजर येणार होत्या, मिसेस ग्रेडी. ब्रिस्बेनहून नव्यानंच आलेल्या. वर्गातल्या एकालाच त्या नोकरी देणार होत्या, आणि मेरेओनीला ती हवीच होती. रिसॉर्ट तिच्या घरापासून चालत जाण्याएवढं. ही हुकली तर लांब राजधानीत, सुवाला, मावशीनं दुकानात काम बघून ठेवलेलं. घरी तर नुकतीच जुळी भावंडं झालेली. सुवाचं नाव काढलं की पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं.

"आज मला मान खाली घालायला लावलीस ना, तर बघ," मी सकाळीच दम भरला आणि तिला दारात उभी केली. दार रस्त्याकडे, तिथंच माझं चुकलं.

उसाचा ट्रक गेला. "या, जेवायला या!" ट्रकवाल्यानं हात हलवला, झालंय. पाद्री गेले. "या, जेवायला या!" तेही, झालंय. मी दातओठ खात आत गेले, माशांकडे बघायला. तेवढ्यात रस्त्यावरून एक परदेशी जोडपं आलं. उन्हानं लालबुंद, पाठीवर बोचकी, बस चुकलेली.

"या, जेवायला या!"

"खरंच?" ती दोघं म्हणाली.

"खरंच!"

आणि आली की हो! आली ती थेट खिडकीजवळच्या, फुलं ठेवलेल्या टेबलावर. मिसेस ग्रेडींच्या! मी बाहेर येईपर्यंत कोकोदाचा अर्धा वाडगा फस्त. लिंबू आणि नारळाच्या दुधातली ती मासळी मुलांनी पहाटेपासून राबून केलेली.

"कर्म माझं! मेरेओनी, उठव त्यांना!"

"मॅडम, घास आहे त्यांच्या हातात."

"मग?"

"मग कसं उठवू?"

मी स्वतःच पुढं झाले, तो दारात मिसेस ग्रेडी उभ्या होत्या. पांढरीशुभ्र पँट, कपाळाला आठ्या.

"माझं बुकिंग होतं ना?"

मेरेओनी कानापर्यंत लाल झाली. "होतं, मिसेस ग्रेडी. पण तिथं माणसं जेवतायत. तुम्ही या ना, जेवायला या!" आणि तिनं चक्क बाईंचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. तिथं चटईवर मुलांचं स्वतःचं जेवण मांडलेलं, उकडलेला दालो, म्हणजे अळूचा कंद, नारळाच्या दुधात शिजवलेला त्याचाच पाला, मासे. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मिसेस ग्रेडी पांढऱ्या पँटसकट चटईवर बसल्या होत्या. मेरेओनीनं त्यांच्या पानात सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं वाढलं. पाहुण्याचा मान तो. बाई माशाकडे बघतायत, मासा बाईंकडे. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि हातानं खायला सुरुवात केली. पोरं जी सुटली म्हणता, हा वाढतोय, ती वाढतेय, नको म्हणायला उसंत नाही. बाई ठसका लागेपर्यंत हसत होत्या.

जेवण झाल्यावर हात पुसत त्या माझ्याकडे आल्या. मेरेओनी शेजारीच उभी.

"ही मुलगी माझ्या रेस्टॉरंटच्या दारात चालायची नाही. आठवड्यात दिवाळं निघेल माझं."

मेरेओनीनं खाली बघितलं. माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी तिला जे नको नको म्हणून घसा फोडला, त्याच्याच बाजूनं उभी राहिले. "चालायची नाही? अहो, आत्ता पान चाटून पुसून उठलात ना तुम्ही? पोरीनं काय वाईट केलं?"

"बाई, मला पुरतं बोलू द्या! मला ती फाटकापाशी हवी आहे. माझे पाहुणे विमानातून थकूनभागून येतात. त्यांचं बुकिंग आधीच झालेलं असतं, विचारायचं काहीच नाही. गाडीतून उतरले की हिनं फक्त हाक मारायची, आज मला मारली तशी. येशील, मेरेओनी?"

मेरेओनीनं दोन्ही भुवया उंचावल्या.

मिसेस ग्रेडी वाट बघत राहिल्या. "नको आहे का तुला?"

भुवया आणखी वर गेल्या.

"बरं, बळजबरी नाही." बाईंनी पर्स उचलली आणि दाराकडे वळल्या.

"अहो थांबा!" मी केवढ्यानं तरी ओरडले. "हो म्हणाली ती! दोनदा म्हणाली! आमच्यात भुवया वर गेल्या की झालं, हो!"

मेरेओनी एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती. माझंही काही वेगळं नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, "मिसेस ग्रेडी, संध्याकाळी घरी जाता येईल ना? बाळं झोपायच्या आत?"

बाईंनी चष्मा काढला आणि दोन्ही भुवया जातील तेवढ्या वर चढवल्या.