पिशवीत की नळीत

लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून माझ्या धाकट्या जावेला, दिपालीला, आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, कुणाच्या ओटीच्या ताटाला हात लावू देत नव्हत्या. टेस्ट ट्यूबच्या इलाजानं दिवस राहिले आणि तीच दिपाली एका रात्रीत घरची लक्ष्मी झाली. मला तेव्हाच चीड आली होती.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "हिच्या नळ्यांना आधी इन्फेक्शन होऊन गेलंय. गर्भ आम्ही पिशवीत सोडला तरी नळीत जाऊन बसू शकतो. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीला आणा."

आठवडा उलटला. मी आठवण केली, तर आत्याबाई म्हणाल्या, "त्या रस्त्यानं हिसके बसतीन. आलेलं सुटलं म्हंजे? तीन महिने खाटेवरून उठाचं नाई."

आयुषभाऊजींनी, दिपालीच्या नवऱ्यानं, हातातली गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. बारावी शिकलेला माणूस, पण आईपुढे तोंडात मिठाची गुळणी.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. उरलासुरला कापूस वेचायला आम्ही सगळे वावरात असायचो. एका दुपारी मी आत्याबाईंसोबत घरी आले, तर दिपाली खाटेवर मुटकुळं करून पडलेली, चेहरा पांढराफटक.

"ताई, पोट लय दुखून राह्यलं. खांदाबी."

"लोळून लोळून खांदा दुखनारच," आत्याबाई म्हणाल्या आणि दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला गेल्या.

मी दिपालीला उठवून बसवायला गेले, तर ती माझ्या अंगावरच कोसळली. मी वावरात फोन केला. "भाऊजी, गाडी घेऊन या."

"आई काय म्हनते?"

"बायको मरून राह्यली तुमची."

यवतमाळच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं, नळी फुटली होती. पोटात रक्त साचलं होतं, म्हणून खांदा दुखत होता. वेळेवर सोनोग्राफी केली असती, तर फुटायच्या आधीच कळलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळी काढावी लागली. दिपाली कशीबशी वाचली.

आणि वॉर्डाच्या दारात आत्याबाई म्हणतात, "मी म्हनत होतो, तिले हलवू नोका." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं तिला मरणाच्या दारात झोपवून ठेवलं, तीच शहाणपण शिकवत होती.

शुद्धीवर आल्यावर दिपालीनं विचारलं, "गेलं?"

भाऊजींनी तिचा हात धरला. "पुन्हा करू आपन. एक नळी हाय अजून."

तिनं हात सोडवून घेतला. "आधी मले विचारा," ती म्हणाली. "आईले नाई."