पोस्टरखालच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला नव्हे, शेतीच्या सल्ल्याचा. शाळेतल्या फळ्याला निदान दिवाळीची सुट्टी असते. मी लाखांदूरजवळच्या एका गावात, चावडीच्या भिंतीवर, बारा महिने ऊन-पाऊस सोसत लटकलो.

एकाहत्तर साली गावच्या सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवले आणि बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड फासून रंगवले. शेतकी खात्याचे पुंडलिकराव पंधरवड्यातून एकदा एस.टी.ने येत आणि माझ्यावर हंगामाचा सल्ला लिहीत. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, कधी टाकावे, रोवणी किती अंतरावर करावी, उन्हाळ्यासाठी वैरण कशी राखावी. अक्षर सुरेख, पण खोड एक होती. महत्त्वाची गोष्ट ते हमखास शेवटी लिहीत.

गावात वाचणारे थोडे. चौथी शिकलेला तुलाराम मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. रुखमिणी कधी चुकायची नाही. नवरा गेल्यापासून ती दोन एकर धान एकटीच्या बळावर करत होती. चांद्या आणि लाल्या ही बैलजोडी हाच तिचा आधार. वर्षे गेली, घरोघरी रेडिओ आले आणि माझ्यापुढची गर्दी ओसरली. मला राग यायचा. रुखमिणी मात्र यायचीच.

चौऱ्याऐंशीच्या पौषात पुंडलिकरावांनी नवा सल्ला लिहिला. धान झोडपल्यावर उरते ते तणस युरियाच्या पाण्याने सकस कसे करायचे, याचा. ते लिहून गेले आणि दुसऱ्याच दिवशी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, कमिटीचे लोक खळ आणि पटातल्या नाटकाचे पोस्टर घेऊन आले. भिंतीवर जागा नव्हती. त्यांनी ते माझ्या खालच्या भागावर चिकटवले.

खरे सांगतो, मी खुलून गेलो. लालपिवळे रंग, राजाच्या मिशा, नटीचे डोळे! कितीतरी वर्षांनी गाव माझ्यापुढे घोळक्याने उभे राहिले. खाली माझ्या दोन ओळी बुजल्या, हे मला कळत होते. पण कौतुकापुढे मी ते मनावर घेतले नाही.

संध्याकाळी रुखमिणी आली. "काय लिवलं जी, तुलाराम भाऊ?"

तुलाराम वाचू लागला. "शंभर किलो तणस, चार किलो युरिया, साठ लिटर पाणी. थरावर थर शिंपडा, दाबा. जनावर धष्टपुष्ट होते."

"मंग कवा चारायचं?"

"त्याचं काई नाई लिवलं. बस, येवढंच हाये वहिनी. आपण मिठाचं पाणी शिंपडून चारतो ना, तसंच असंल."

आमच्याकडे कोरड्या तणसावर मिठाचे पाणी शिंपडून ते लगेच चारायची रीतच आहे. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. पोस्टरखाली लिहिले होते: एकवीस दिवस घट्ट झाकून ठेवा. त्याआधी चारू नका, विषबाधा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमिणीने ओले तणस चांद्यापुढे टाकले. तासाभरात त्याच्या तोंडाला फेस आला, पोट फुगले, पाय लटपटले. लाल्याला तिने ओढून बाजूला केले. लाखांदूरहून डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर चांद्या गेला. तिचा आक्रोश मला चावडीवर ऐकू येत होता.

पुंडलिकराव आले. त्यांनी नखाने पोस्टर खरवडले आणि त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "मी 'येवढंच हाये' म्हणलो," तुलाराम पुन्हा पुन्हा म्हणत होता. खरा दोष माझा होता, पण मला तोंड कुठे होते?

त्या दिवसापासून तुलारामने वाचणे सोडले. मला पाहून तो वाट बदलायचा. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून रुखमिणीने पेरणीला माहेरच्या लोकांचा बैल आणला. वर्ष कसेबसे निघाले.

पुढच्या पौषात पुंडलिकरावांनी पुन्हा तोच सल्ला लिहिला आणि या खेपेला धोक्याची ओळ सगळ्यात वर घातली. रुखमिणी तुलारामला हाताला धरून घेऊन आली.

"मले नाई जमत, वहिनी. दुसऱ्याले सांग."

"काहून? तुयाच आवाजात आयकायचं हाये मले. वाच."

तो अडखळत वाचू लागला. ती माझ्या खालच्या कडेवरून तळहात फिरवत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही चिकटलेले नव्हते.

"आता सांग, झालं का पुरं?"

"झालं, वहिनी," तुलाराम म्हणाला आणि रडू लागला. तिने त्याला रडू दिले.

मित्रांनो, माझी खुंटी आता सैल झाली आहे. लवकरच उतरवतील मला. जाण्यापूर्वी एवढेच मागणे. कुणाच्या उपयोगाच्या अक्षरांवर आपला कागद चिकटवू नका आणि वाचून दाखवताना खालपर्यंत वाचा. रुखमिणीला एक अक्षर येत नव्हते, तरी तिने शेवटची ओळ हाताने शोधली. तुम्हाला तर वाचता येते.