तिसरा ठोका

बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या फुटबॉल मैदानावर वेल्कोने बावीस वर्षं ढोल बडवला, आणि बावीस वर्षांत आपल्या संघाचा एकही गोल डोळ्यांनी पाहिला नाही. पाठीराख्यांचा ढोलवाला खेळाकडे पाठ करून उभा राहतो. त्याचं तोंड गॅलरीकडे. गोल झाला की हुकला, हे त्याला समोरच्या चार हजार चेहऱ्यांवरून कळायचं. त्याने टिपरू उचललं की गॅलरी गरजायची, खाली केलं की चिडीचूप. घरी त्याचं कुणी ऐकत नसे, पण इथे त्याचं राज्य होतं.

आज त्याची बायको नेव्हेना तिसऱ्या रांगेत बसली होती. आईचे लाल खड्यांचे डूल घालून. लग्नानंतर मैदानाची पायरी न चढलेली बाई नेमकी आजच नटूनथटून आली होती, आणि आजच मध्यंतरात ल्यूबेन छपरावरून उडी मारणार होता.

ल्यूबेन म्हणजे सिनेमात नायकाच्या जागी हाडं मोडून घेणारा. राजधानीत, सोफियाला जाण्याआधी दोन उन्हाळे त्याने नेव्हेनाला मोटारसायकलवर मिरवलं होतं. गल्ली ते कधीच विसरली होती. वेल्को विसरायला तयार नव्हता.

सिनेमावाल्यांना खरा सामना आणि खरी गर्दी हवी होती. हाताशी मध्यंतराची पंधरा मिनिटं, उडी एकदाच. ढोलाचे तीन ठोके. तिसऱ्याला गॅलरी ओरडणार आणि तिसऱ्यालाच मैदानापलीकडच्या छपरावरून ल्यूबेन स्वतःला झोकून देणार. सकाळी तो मुद्दाम भेटायला आला होता.

“वेल्को, आज माझा जीव तुझ्या हातात आहे बरं का!”

“तुझा जीव आजवर कुणाकुणाच्या हातात होता, ते मोजत बसलो तर सामना संपेल.”

ल्यूबेन खो खो हसला. पन्नाशीला टेकला तरी मेल्याचे सगळे दात शाबूत होते. वेल्कोच्या अंगाचा तिळपापड झाला.

मध्यंतराची शिट्टी झाली. कॅमेरावाले धावत आले आणि वेल्कोच्या पुढ्यात, गुडघ्याच्या उंचीवर ठाण मांडून बसले. भिंगाचं तोंड वर. ‘मला ओलांडून त्याच्याकडे,’ वेल्को मनात म्हणाला.

“चला!” भोंग्यातून हाक आली.

एक ठोका. दुसरा. चार हजार माणसांनी श्वास भरून घेतला. नेव्हेना उठून उभी राहिली होती. दोन्ही हात तोंडाशी, डोळे भरलेले, गाल तापलेले. असा चेहरा तिने वेल्कोसाठी कधी केला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

त्याने टिपरू खाली केलं. दुसरा तळवा जमिनीकडे दाबला. गॅलरी चिडीचूप.

“ढोल! अहो, ढोल!” भोंगा ओरडत राहिला. एक जण धावत येऊन अक्षरशः हात जोडू लागला.

“हात भरून आलाय,” वेल्को म्हणाला आणि जागचा हलला नाही. पाठीमागे ल्यूबेन छपराच्या कडेला ताटकळत उभा असणार, या विचाराने त्याला फार बरं वाटत होतं. कुठेतरी सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज आला. मग संघ मैदानात परतले आणि कॅमेरावाल्यांनी शिव्या देत बिऱ्हाड गुंडाळलं.

सामना संपला, गॅलरी रिकामी झाली. नेव्हेना टरफलं तुडवत खाली आली.

“का नाही वाजवलास?”

“त्याची उडी हुकली म्हणून जीव तुटतोय?”

“अरे, उडी लांब मागे बोटाएवढी दिसणार होती! कॅमेरा तुझ्या तोंडावर होता. तुझ्या! या माणसाचं तोंड बावीस वर्षं फक्त गॅलरीने पाहिलंय, आता सगळ्यांना बघू दे, असं म्हणून ल्यूबेननेच त्या लोकांना पटवलं. तुला आधी कळलं तर तू अवघडशील, म्हणून गप्प बसलो आम्ही. मी तुला बघायला आले होते, वेड्या. हे डूलही त्यासाठीच.”

वेल्कोने ढोलाचा पट्टा खांद्यावरून उतरवला. त्याला सगळं ऐकू आलं होतं, सगळं समजलंही होतं. माफी मागावी इतकी अक्कल त्याला नक्कीच होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“आम्ही? म्हणजे कधी भेटलीस त्याला?”

नेव्हेनाने एक डूल काढला, दुसरा काढला, दोन्ही पर्समध्ये टाकले आणि दरवाजाकडे चालू लागली.

“सांगून जा,” तो मागून ओरडला. “कधी?”