पाचव्या शिल्पाचं भोक

“ओ बाबा, हे बुजवायला कुणी सांगितलं?” पहारेकऱ्यानं विचारलं.

“ज्यानं पाडलं, त्यानंच,” म्हातारा गवंडी म्हणाला आणि थापीचा शेवटचा हात फिरवला.

रविवारची दुपार होती. कॉलेजच्या हिरवळीवर काँक्रीटची पाच शिल्पं उभी होती. कशाचं काय, ते देव जाणे. एक पिळलेल्या टॉवेलसारखं, तर एक उंटानं बसता बसता विचार बदलावा तसं. पाचव्याच्या पोटात मात्र कालपर्यंत आरपार भोक होतं, कलिंगड जाईल एवढं.

त्या भोकाची गोष्ट गवंड्यानं तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आणि माणूस तर असा, की चार डोकी जमली की आपण थापीनं बिबट्या कसा लोळवला हे सांगायचा. दर वेळी बिबट्या हातभर वाढायचा. हे पाचवं शिल्प ओतलं त्या दिवशीही तो मजुरांना बिबट्याच सांगत होता. साच्यात माल ओतला गेला, सळईनं कोचायचा राहून गेला. फळ्या काढल्या, तर पोटात ही पोकळी! शिल्पकार बाई बराच वेळ तिच्यातून पलीकडे बघत राहिल्या. “राहू दे,” एवढंच म्हणाल्या. चारांवर त्यांनी सही कोरली. पाचव्यावर नाही.

तेव्हापासून गडी त्या रस्त्याला फिरकला नाही. बाजाराला जायचं तरी मैलभर वळसा. बायको म्हणायची, “कॉलेजात काय तुमची सासुरवाडी आहे, तोंड चुकवायला?”

आता नातीला तिथेच प्रवेश मिळाला होता. “आबा, उद्या मला तुमची शिल्पं दाखवायची हं, पाचही!” म्हणून आज घमेलं, थापी, चाळलेली वाळू. भोक असं बुजवलं, की माशी बसली तर घसरावी. तीस वर्षांत प्रथमच म्हातारा सरळ रस्त्यानं घरी गेला.

सकाळी नातीचा हात धरून आला, तर पाचव्याभोवती ही गर्दी. पोरंपोरी हळहळत होती. कोण म्हणे, परीक्षेच्या आधी यातूनच आभाळ बघायचं असतं. कुणी म्हणे, माझ्या आईनं बाबांना पहिल्यांदा यातूनच पाहिलं.

चित्रकलेचे मास्तर डोक्याला हात लावून उभे होते. “बाईंनी याच्यावर सही का केली नाही, ठाऊक आहे? म्हणायच्या, यात दुसऱ्याचाही हात आहे. त्याचं नाव विचारायचं राहिलं, मग माझं एकटीचं कशाला लिहू?”

म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“कुण्या गाढवानं केलं असेल हो, आबा?” नात म्हणाली.

पहारेकरी आपल्या बुटांकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता. गप्प राहिलं असतं, तर निभावलं असतं.

“गाढव इथेच उभं आहे, पोरी,” म्हातारा म्हणाला. “बुजवलं मी. तीस वर्षांपूर्वी पाडलंही मीच. गप्पा हाणत होतो, माल कोचलाच नाही.”

कुणी हसलं नाही. हसले असते, तर बरं झालं असतं. मास्तर पुढे आले आणि चक्क नमस्कार करू लागले, तसा म्हातारा मागे सरला. “नको हो, साहेब. आधी छिन्नी आणा.”

कालचं काम असं पक्कं, की एका रात्रीतच धरलेलं. जन्मातलं उत्तम काम तो तुकड्यातुकड्यानं पाडत होता आणि खालून जन्मातलं वाईट काम वर येत होतं. एकेक खडा ओळखीचा. दुपारी आरपार उजेड आला. पलीकडे नातीचा डोळा.

“आबा.”

“हं.”

“तो बिबट्या तरी खरा होता का?”

छिन्नी थांबली.

“मांजर होतं,” म्हातारा म्हणाला आणि भोकाच्या कडेवरची भुकटी फुंकर घालून काढू लागला.