पंधरापैकी एक जोडी

संशोधन केंद्रात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, आणि कुठे फुगा फुगलेला दिसला की टोचल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून. आठ वर्षं ती तिथे संख्याशास्त्राचं काम करत होती आणि आठही वर्षं कंत्राटावर. दर वर्षी करार संपत आला की तिचा जीव टांगणीला लागायचा. यंदा मात्र कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन विभागप्रमुखांच्या टेबलावर आलं होतं, फक्त त्यांची सही व्हायची होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात मलमांचा अभ्यास संपला.

भाजलेल्या जखमेवर लावायची सहा मलमं, प्रत्येकाला तीस रुग्ण, आणि जखम किती दिवसांत भरते ते मोजायचं. सहा मलमं एकमेकांशी ताडून पाहायची तर पंधरा जोड्या होतात. इतक्या जोड्या तपासल्या की एखादी नुसत्या योगायोगानेही चमकून जाते. म्हणून अभ्यास सुरू होण्याआधीच टाचणीने आराखड्यात लिहून ठेवलं होतं की टुकीची चाचणी वापरायची. ही चाचणी पंधराच्या पंधरा जोड्या एकत्र ध्यानात घेते आणि त्या मानाने पुरावाही जास्त मागते. आराखड्यावर विभागप्रमुखांची सही होती. त्यांनी तो वाचला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

टुकीने एकही जोडी मान्य केली नाही. चार नंबरच्या मलमाने एक नंबरपेक्षा तीन दिवस लवकर जखम भरत होती खरी, पण पंधरा जोड्यांत एवढा फरक योगायोगानेही सापडला असता.

"ती दुसरी चाचणी असते ना, प्रत्येक जोडी सुटी तपासायची?" विभागप्रमुखांनी विचारलं. "ती लावून पाहिलीत?"

"पाहिली, सर. तिच्यात चार आणि एकचा फरक खरा ठरतो."

"मग झालं तर! तीच लिहा."

"आपण एकच जोडी तपासली असती तर लिहिली असती. आपण पंधरा तपासल्यात."

"मग एकच तपासायची होती असं लिहा. जुनी तारीख घालून आराखडा बदलून टाका. अहो, कोण बघतंय?" त्यांनी नेमणुकीचं पत्र बोटाने तिच्याकडे सरकवलं. "परवा समितीपुढे अहवाल ठेवा, की लगेच हेही मार्गी लावू."

तिला राग नंतर आला. आधी मोह झाला, उगाच खोटं कशाला बोला. पत्रावरचं स्वतःचं नाव तिने दोनदा वाचलं आणि उठली.

घरी नवरा भांडी विसळत होता. तो गाडी चालवायला शिकवायचा. तिने सगळं सांगितल्यावर म्हणाला, "तीन दिवसांचा फरक खरा असला तर?"

"असेलही! मग जास्त रुग्ण घेऊन पुन्हा तपासा. पण उद्या चार नंबर ठरलं की बाकीची पाच बंद. आणि भाजलेल्या माणसाला छातीठोकपणे सांगायचं, हेच सगळ्यांत चांगलं. अहो, मला माहीतच नाहीये ते!"

"पंधरा वेळा गाडी उलटी लावायला दिली तर एकदा कुणाचीही नीट लागते," तो म्हणाला. "तेवढ्यावर मी कुणाला परीक्षेला पाठवत नाही."

"आणि पत्राचं काय?"

"ते मला नको विचारूस. तू ठरव. जे ठरवशील त्यात मी आहे."

दुसऱ्या दिवशी ती ड्रेसिंगच्या खोलीत गेली. तिथे सहा खुर्च्या होत्या आणि मोठ्या सिस्टरांचा एक नियम होता. पहिल्या दिवशी रुग्ण ज्या मोकळ्या खुर्चीत बसेल, त्याच खुर्चीत त्याने बरं होईपर्यंत बसायचं. खुर्चीमागच्या खुंटीला त्याची फाइल टांगलेली असायची, आणि वहीत नावापुढे खुर्चीचा नंबर. या नियमावरून डॉक्टर सिस्टरांची थट्टा करत. टाचणीने ती वही मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी बैठकीत समितीचे पाच जण होते. टाचणीने आधी टुकीचा निकाल दाखवला, पंधराच्या पंधरा ओळी. विभागप्रमुखांचा चेहरा पडला. मग तिने दुसरा तक्ता लावला.

"हे तेच एकशे ऐंशी रुग्ण. मलम बाजूला ठेवलंय. कोण कुठल्या खुर्चीत बसलं तेवढंच पाहिलंय, आणि सरांनी सुचवलेली सैल चाचणी लावलीय. पाच नंबरच्या खुर्चीत जखम दोन नंबरपेक्षा लवकर भरते. बोला, खुर्च्या विकायला काढायच्या?"

खोलीत हशा पिकला. विभागप्रमुख तेवढे हसले नाहीत. त्यांनी तिला बरोबर कोंडीत पकडलं, निदान त्यांना तसं वाटलं.

"हे सापडेपर्यंत किती प्रकारे गट पाडून पाहिलेत?"

"दोन. आधी रुग्ण कोणत्या वारी दाखल झाला त्यावरून पाडले. सात वारांच्या एकवीस जोड्या, त्यांत काही निघालं नाही. मग सहा खुर्च्यांच्या पंधरा जोड्या घेतल्या." तिचा आवाज खणखणीत होता. "सर, मी जिंकल्यासारखी दिसले आणि तुम्ही ताबडतोब विचारलंत, किती वेळा करून पाहिलं. अगदी हेच विचारायला हवं. मी सांगितलं, छत्तीस जोड्या. आता चार नंबरच्या मलमाबद्दल तुम्ही सांगा. किती जोड्या?"

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"पंधरा," ते शेवटी म्हणाले.

समितीने अहवाल टुकीच्या निकालासह जसाच्या तसा स्वीकारला. चार आणि एक या दोनच मलमांचा नवा, मोठा अभ्यास घ्यायचं ठरलं. बैठक उठल्यावर विभागप्रमुखांनी तिच्यादेखत नेमणुकीचं पत्र फाडलं आणि म्हणाले, "महिनाअखेरीला करार संपतोय तुमचा. नव्या अभ्यासाला दुसरं कुणीतरी बघू."

"बघा," ती म्हणाली. "पण त्यालाही मोजता येत असेल, एवढं लक्षात असू द्या."

वही परत करायला ती ड्रेसिंगच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, रडतेस काय?"

"रडत नाहीये. संतापलेय."

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने पट्टी बांधलेला हात वर केला. "बाई, तुम्ही आकडेवाल्या ना? खरं सांगा, यातलं कुठलं मलम चांगलं?"

टाचणी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अजून कुणालाच माहीत नाही, काका," ती म्हणाली. "कुणी माहीत आहे म्हणालं, तर त्याला आधी विचारा, कसं कळलं."