पूजेआधीचं ताट

गंगासागरबाई डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या, की वृद्धाश्रमातला तो मेला रोबोट नाश्त्याचं ताट घेऊन हजर व्हायचा. जरा थांबायचा, 'आजींनी खाल्लं नाही' असं पुण्यातल्या मुलाला, संगमेशला कळवायचा आणि ताट माघारी न्यायचा. रोज सकाळी उपाशी राहून बाईंचं डोकं सणकलं होतं. आजही रोबोट दारात उभा असतानाच संगमेशचा फोन आला.

"आई, रोज खाण्यावर का रुसतीस?"

"पूजेआधी मी पाणीबी घेत न्हाई. ह्याला कळत न्हाई."

"त्याला कुणी सांगितलं नसंल."

"त्याला न्हाई सांगितलं. तुला तर मांडीवर घेऊन मीच पूजा शिकवली व्हती."

बाईंनी फोन तसाच ताटात ठेवला.

"हेबी घेऊन जा," त्या रोबोटला म्हणाल्या.